शिवलेला शेवट

सरळगाव, ता. मुरबाड
शनिवार, दि. ८ फेब्रुवारी २०२५

ति. सौ. ताईस,
धाकट्या गिरजाचा साष्टांग नमस्कार. त्यातला निम्मा दाजींच्या पायाशी ठेवावा. वि. वि.

काल संदेशचा फोन आला होता. बाबांना हॉस्पिटलातून घरी आणलं एवढं त्याने सांगितलं आणि पुढे गप्पच झाला. कसारा स्टेशनात दिवसभर ओरडून बोलणारा तुझा पोरगा, तो गप्प झाला तेव्हाच मी काय ते समजले. तुला फोन लावायला घेतला आणि परत ठेवला. तुला कमी ऐकू येतं म्हणून तू आवाज मोठा करून बोलतेस, आणि दाजींचा आवाज दिवाळीच्या गळ्याच्या ऑपरेशनात गेला असला तरी कान अजून रखवालदाराचे आहेत. आपण बोलायचं आणि त्यांनी खाटेवर पडून सगळं ऐकायचं, ते मला नको वाटलं. म्हणून लिहिते. आमच्या मनोजचा भेंडीचा टेम्पो रोज शहापूरला जातो. तो सापगावला थांबून पिशवी देईल आणि घेईल. उत्तर लिहून ठेवत जा.

पिशवीत दोन पुस्तकं आहेत. बाजारातल्या जुन्या पुस्तकवाल्याकडून घेतली. ‘बंद गोदामाची किल्ली’ दाजींना. शेठचा खून, गोदामाला आतून कडी, पाच जणांवर संशय, म्हणजे त्यांना हवा तसा मसाला. ‘वळणावरची मानसी’ तुला. त्यातली मानसी दर दुसऱ्या पानावर रडते, त्यामुळे तुला रडायला वेगळं कारण शोधावं लागणार नाही. पुस्तकाच्या नावाखाली खुशाल रडून घे.

दोन्हींचा शेवट शिवला आहे. ही आपल्या माहेरची रीत बाहेर कोणाला सांगितली तर लोक हसतील. पण सुरुवात तूच केलीस. मी शेवटचं पान आधी वाचायचे आणि जेवायला बसल्यावर खुनी कोण ते सगळ्यांना सांगून टाकायचे, म्हणून तू शेवटचं प्रकरण सुईदोऱ्याने शिवून ठेवलंस. तेव्हापासून ज्याचं वाचून झालं त्याने शेवट शिवूनच पुस्तक पुढे द्यायचं, आणि बाकीचं सगळं वाचल्याशिवाय दोरा कापायचा नाही. दाजी जावई होऊन आले तेव्हा शिवलेलं पुस्तक बघून केवढे चक्रावले होते. मग तेच सगळ्यांत कडक झाले. गोदामाचं पुस्तक पाठवू की नको, असं माझं एकदा झालं होतं. का ते दोरा कापल्यावर कळेल.

दाजींचं खाणंपिणं कसं आहे ते लपवू नकोस. तुझ्या मायेतला माझा वाटा सध्या त्यांनाच दे, मी नंतर मागून घेईन.

तुझी
गिरजा

सापगाव, ता. शहापूर
सोमवार, दि. १० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. गिरजास,
ताईचे आशीर्वाद, आणि नामाभावोजींना नमस्कार. पिशवी पोचली.

तू विचारलंस म्हणून लिहिते. डॉक्टरांनी संदेशला बाजूला घेऊन सांगितलं, की आता इथे ठेवण्यात अर्थ नाही, घरी न्या, मागतील ते द्या. किती दिवस ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. यांना यातलं काही माहीत नाही. महिनाभर आराम करायचा आणि मग पुन्हा तपासायला जायचं, असं आम्ही तिघांनी मिळून ठरवून सांगितलं आहे. आमच्या सूनबाईला, रेश्माला, खोटं बोलता येत नाही, तिचे डोळे लगेच भरतात, म्हणून तिला यांच्यासमोर फार उभी करत नाही. गिरजा, माझं आता देवाकडे मोठं मागणं नाही. यांना ते कळू नये आणि यांनी भीती घेऊन जाऊ नये, एवढंच.

शेजारचे गोमाआजा बघायला आले होते. खाटेवर बसून म्हणाले, की वाल्मिक, तुला काय झालाय रे, तू तर पैल्यापेक्षा गोरा दिसतोस, आमीच काले पडलो. हे हसले. आजा बाहेर पडवीत गेले आणि तिथे तोंडाला टॉवेल लावून उभे राहिले.

कालपासून पुस्तक सुरू केलं. वालाच्या शेंगा सोलून झाल्या की दिवेलागणीच्या आधी मी खाटेशी बसते. यांना चष्म्यानेही आता अक्षर नीट लागत नाही, म्हणून मी वाचते. आटगावच्या गोदामावर रखवालदारी करताना यांनी इतकी खुनाची पुस्तकं वाचली आहेत, की अर्ध्या पुस्तकात खुनी ओळखतात. बोलता येत नाही आणि दर वेळी पाटीवर लिहायला दम लागतो, म्हणून आम्ही बोटं ठरवली. अंगठा म्हणजे शेठचा भाऊ, त्याच्याशेजारचं बोट मुनीम, मधलं जावई, अनामिका डॉक्टर आणि करंगळी रखवालदार. प्रकरण संपलं की ज्याचा संशय येईल ते बोट वर करायचं. रखवालदाराचं नाव संशयितांत आलं तेव्हा यांनी पाटी मागून घेतली आणि लिहिलं, की लेखकाने कधी रात्रपाळी केली नसेल. खूप दिवसांनी मला मोठ्याने हसू आलं.

मानसी अजून उघडली नाही. मला सध्या दुसऱ्याच्या लग्नाचं काही वाचवत नाही.

मनोज घाईत आहे. तुझ्यावर माझा जीव आहे हे पत्रात लिहायचं राहिलं तरी आहेच.

ताई

सरळगाव
मंगळवार, दि. ११ फेब्रुवारी २०२५

ति. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चुलीपाशी वाचलं, म्हणून डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कोणी विचारलं नाही. यांना वाचून दाखवलं तर हे उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. तुला माहीत आहे, दाजींनी यांना गवंडीकामावरून सोडवून शेतीला लावलं होतं. त्या माणसाला दाजींशिवाय कोणी कधी शहाणपण शिकवलं नाही.

तू दाजींना सांगितलं नाहीस ते बरोबर की चूक हे मला ठरवता येत नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, मी असते तर पहिल्याच दिवशी रडून सगळं सांगून टाकलं असतं. तू मोठी आहेस, तुला झाकता येतं. पण ताई, झाकताना स्वतःला जपून ठेव. आईच्या वेळी तू सगळं आवरलंस आणि मग तीन महिने अंथरुणाला खिळलीस.

आता चांगलं काही बोलते. पाच बोटांची युक्ती मला फार आवडली. दाजींचं बोट कुठे आहे ते रोज कळव, मला शेवट माहीत असल्यामुळे इथे बसून मजा येते. रखवालदारावर संशय घेतला म्हणून ते लेखकावर चिडले हे वाचून मी एकटीच हसले. शेवट काही मी सांगणार नाही, आता म्हातारपणी तरी मला एवढं जमायला हवं.

सोबत तांदळाच्या पिठाची तळलेली गोड बोरं दिली आहेत, दुधात भिजवली की मऊ होतात. दाजींना गिळता आली तर बघ. नाही गेली तर रेश्माला दे, तिलाही कोणी काही द्यायला हवं.

मायेने आठवण काढत असतेस तशीच काढत राहा, उचकी लागली की मला कळतं.

गिरजा

सापगाव
गुरुवार, दि. १३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. गिरजास, अनेक आशीर्वाद.

बोर अर्धं खाल्लं. अर्धं म्हणजे सध्या जेवणच.

काल मी वेदनेची औषधं आणायला शहापूरला गेले होते. तिथे रांग मोठी होती. परत आले तर हे उशीला टेकून बसलेले, तोंडावर चांगली तरतरी, आणि रेश्माचे डोळे लाल. मी विचारलं तर म्हणाली, की मिरच्या भाजल्या होत्या. मिरच्यांचा वास काही मला आला नाही, पण यांना बसलेलं बघून मी पुढे विचारलं नाही.

कालपासून खेळ मात्र रंगला आहे. प्रकरण संपायच्या आधीच बोट वर करतात. काल मुनीम, आज दुपारी जावई, आता संध्याकाळी शेठचा भाऊ. मी मान हलवली की कपाळाला हात लावून हरल्यासारखं करतात. खरं सांगू का, खुनी कोण ते मलाही माहीत नाही, पण मी उगाच मोठ्या आवाजात म्हणते, की चुकलात हो, अजून वाचा. यांच्या डोक्यात आता पूर्वीसारखं चालत नाही. हा माणूस अर्ध्या पुस्तकात ओळखायचा, आता अख्ख्या हाताची बोटं वाया घालवतो. करंगळी मात्र एकदाही वर केली नाही. आपल्या धंद्याची लाज राखतात.

आणि आता जे लिहिते त्याला हसू नकोस. पानं संपत आली आहेत. शिवलेल्या भागाच्या आधीची दोनच प्रकरणं उरलीत. तो शिवलेला गठ्ठा हाताला लागला की मी पुस्तक मिटून ठेवते. माझ्या मनाने घेतलं आहे, की दोरा कापला नाही तोवर हे जात नाहीत. शेवट कळायचा राहिला आहे म्हणून थांबलेत. म्हणून मी त्या गठ्ठ्याला केसातली पीन लावून ठेवली आहे आणि तिकडे बघत नाही. आज तर मी मध्येच तुझी मानसी उघडली आणि तीच पुढे वाचायला लागले. इन्स्पेक्टर तपासाला निघाला तो थेट मानसीच्या घरी जाऊन चहा प्यायला, मानसीने त्याला आपलं दुःख सांगितलं, त्याने तिचे डोळे पुसले. चार पानं तसंच चालवलं. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग पाटीवर लिहिलं, की या इन्स्पेक्टरला दुसरा काय काम नाय काय. मग पाटी पुसून खाली लिहिलं, की चालू दे.

मी आणखी कोणाकोणाला चहा पाजू ते सांग. तुझ्याकडे असतील तर आणखी दोनचार मानसी पाठव.

तुझीच, थोडी वेडी झालेली
ताई

सरळगाव
शुक्रवार, दि. १४ फेब्रुवारी २०२५

ति. सौ. ताईस,
नमस्कार. आज लांबण लावत नाही.

ताई, दोरा काप. तुला हे धाकटीने सांगावं लागतं आहे म्हणून राग आला तर येऊ दे. आईने शेवटच्या आजारात करवंदं मागितली होती. आपण म्हटलं, खोकला बरा झाला की देऊ. तू शहाणी, तू तेव्हा अडवलंस, आणि मी तुझ्या मागे मान हलवली. करवंदं दारातल्या टोपलीत होती. त्यातलं एक तिच्या जिभेवर ठेवलं असतं तर ती एक दिवस आधी गेली असती का? आणि गेली असती तरी काय झालं असतं?

दाजी कोणत्याही पुस्तकासाठी थांबायचे नाहीत आणि पुस्तक संपलं म्हणून जायचेही नाहीत. पण शेवट न ऐकता गेले तर तू जन्मभर ते घोकत बसशील, मी तुला ओळखते. पीन काढ, दोरा काप आणि वाच. इन्स्पेक्टरला मानसीकडून परत बोलाव.

मी रविवारी येते. रागावलीस तर समोरासमोर रागाव.

गिरजा

सरळगाव
शुक्रवार, दि. २८ फेब्रुवारी २०२५

ति. ताईस,
गिरजाचा नमस्कार.

हाताला सवय आहे, ‘सौ.’ लिहायला गेले आणि पेन तिथेच थांबलं. मग बाहेर जाऊन पाणी प्यायले आणि परत बसले.

मी रविवारी येणार होते आणि शनिवारी दुपारीच यावं लागलं. तेव्हापासून तेरावं होऊन आमचा टेम्पो निघेपर्यंत तू माझ्याशी धड बोलली नाहीस. एकदाच म्हणालीस, की मी त्यांना उपाशी पाठवलं. जमलेल्या बायकांना वाटलं, की तू जेवणाबद्दल बोलतेस. त्या तुझी समजूत घालायला लागल्या, की तू किती केलंस, पेज काय, दूध काय. मला कळलं होतं. माझ्या पत्राने तुला घाई केली आणि तरी वेळ हुकली, म्हणून तुला माझं तोंडही बघवत नव्हतं.

दहाव्याला नदीवर तू पिंडापासून लांब, गुडघ्यात डोकं घालून बसलीस. कावळा यायचा नाही, इच्छा राहिली आहे, असं तू धरून चालली होतीस. मीही मनात ठरवलं होतं, की फारच अडलं तर खुन्याचं नाव मी मोठ्याने सांगेन, मग लोक काय म्हणायचं ते म्हणोत. पण भटजी मागे सरकले नाहीत तोच कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली. सगळे म्हणाले, वाल्मिक समाधानाने गेला. संदेशला किती बरं वाटलं. तू मात्र त्यावरच सगळ्यांत जास्त रडलीस. ते का, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

पुस्तक तुझ्या फडताळात तसंच आहे, असं रेश्मा मनोजला म्हणाली. ते परत मागायला हे पत्र नाही. तुला नको असेल तर तो शेवट मी येऊन जाळून टाकते. हवा असेल तर शेजारी बसून वाचून दाखवते. तू फक्त दोन ओळी लिही. अबोला धरायचा तर आपलं वय आता राहिलं नाही.

तुझ्या रागालाही मी मायाच समजते, तेवढी तरी पाठव.

गिरजा

सापगाव
रविवार, दि. २ मार्च २०२५

चि. सौ. गिरजास,
आशीर्वाद. तुझ्यावर राग नव्हता. कोणावर काढावा ते कळत नव्हतं आणि तू जवळची होतीस.

कावळ्याने चोच लावली तेव्हा मी का रडले ते सांगते. मला वाटलं, यांना शेवटाची काही पर्वाच नव्हती. मी उगाच आठवडाभर पुस्तक धरून बसले, हे माझं मन राखायला ऐकत होते, आतून कधीच निघून गेले होते. असं वाटून मला फार एकटं वाटलं.

काल संदेश कामावर गेल्यावर मी पुस्तक काढलं. ठरवलं होतं, की यांच्या फोटोसमोर बसून मोठ्याने वाचायचं. उशीर झाला तरी दिलेला शब्द पुरा करायचा. पीन काढली, कात्री लावायला गठ्ठा उलटा केला आणि थांबले. गिरजा, तुझे टाके मी ओळखते. तू पुस्तक शिवतेस ते भाताचं पोतं शिवल्यासारखं. हे टाके बारीक, सारखे, ब्लाउजच्या तुरपाईसारखे होते. तू जन्मात असं शिवलेलं नाहीस. आठवडाभर मी भीतीने त्या बाजूला बघितलंच नव्हतं, म्हणून दिसलं नाही.

रेश्माला हाक मारली. तिने पुस्तक बघितलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. मग सांगायला लागली. मी बुधवारी औषधाला गेले होते तेव्हा यांनी तिला खाटेशी बोलावलं आणि पाटीवर लिहिलं, की मला माहीत आहे, मी शेवटापर्यंत पोचत नाय, तू आता वाचून दाखव. रेश्मा नाय नाय म्हणाली, आई रागावतील म्हणाली. तेव्हा यांनी लिहिलं, की आईला नाय सांगाचा, ती वाचते तेव्हा तिला बरा वाटते, तिचा खेळ मोडू नको. तिने दोरा कापला, रडत रडत अख्खा शेवट वाचून दाखवला आणि मी यायच्या आत पुन्हा शिवून ठेवला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचं बोलणंही यांनी ऐकलं होतं. पडद्याच्या पलीकडेच होते. म्हणजे घरी आलो त्या दिवसापासून यांना सगळं ठाऊक होतं, आणि आम्ही तिघं महिनाभराच्या आरामाच्या गोष्टी सांगत होतो आणि हे मान डोलावत होते.

खोटं कशाला बोलू, आधी रागच आला. इतक्या वर्षांचा संसार माझ्याशी केला आणि शेवट सुनेकडून ऐकला. रेश्माशी मी दुपारभर बोलले नाही. मग बिचारी वरणभात घेऊन आली आणि ताट पुढे ठेवून तशीच उभी राहिली. सतराअठरा दिवस ती पोर एकटी हे पोटात घेऊन फिरत होती, दहाव्याला, तेराव्याला सगळ्यांचा स्वयंपाक करत होती. मी तिला जवळ बसवलं. दोघी एका ताटात जेवलो.

जेवणानंतर दोरा कापला. रेश्माला म्हटलं, तूच वाच, तुला वाट माहीत आहे. खुनी रखवालदार निघाला. तू पुस्तक पाठवताना का अडखळली होतीस तेही कळलं. आणि त्या ओळीवर मला शनिवारची सकाळ आठवली. ती मी तुला किंवा कोणालाच सांगितलेली नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी तुझं पत्र मिळालं होतं आणि मी मनाचा हिय्या केला होता. शनिवारी सकाळी यांचं तोंड पुसताना सांगितलं, की आज दिवेलागणीला दोरा कापू, आज खुनी सापडणार. यांनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मग गोधडीतून हात बाहेर काढला आणि करंगळी वर केली. मी म्हटलं, अहो, शेवटी आपल्याच धंद्यातल्या माणसावर आलात का, असू दे, संध्याकाळी बघू. तरी बोट खाली घेईनात. तसंच वर धरून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, दमतील. मी ती करंगळी माझ्या हाताने मिटली आणि हात परत गोधडीत घातला. दुपारी जेवणवेळेला गेले.

बुधवारपासून यांनी सगळी बोटं चुकीची वर केली, माझ्यासाठी. बरोबर बोट एकदाच वर केलं, तेही माझ्यासाठीच. आणि मी म्हटलं, संध्याकाळी बघू.

कालपासून मी ते बोट मिटते आहे, दिवसभर, भांडी घासताना, वाल पाखडताना. रेश्मा म्हणते, आई, बाबा हसत होते ओ तेव्हा, मी दारातून बघितला. हसत असतील. मी गोधडी सारखी करत होते, माझं लक्ष नव्हतं.

मनोजबरोबर गोदामाचं पुस्तक परत पाठवते आहे. मानसी ठेवून घेतली आहे. रेश्माला वाचायची आहे, आणि इन्स्पेक्टर गेल्यापासून मानसी चहा करून त्याची वाट बघत असेल. मानसीचा दोरा काल मीच कापून टाकला. इथून पुढे पुस्तक पाठवशील तेव्हा शेवट शिवू नकोस.

येऊन जा. आता पत्राची गरज नाही. फोनवर मोठ्याने बोललीस तरी चालेल, ऐकणारं कोणी नाही.

तुझी
ताई